ब्रेक दाबला की डावीकडे

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. अबोला होता असं नाही. बोलणं भरपूर असे, फक्त ते माझ्याकडे तोंड करून नसे. ते भिंतीला सांगत, अंगणातल्या नळाला सांगत, दारात येऊन पडणाऱ्या खरजुल्या कुत्र्याला सांगत, आणि मी ऐकायचं. त्यांच्या गावी, करकंबला, सुनेशी समोरासमोर बोलत नाहीत, अशी रीत. रीतीबद्दल माझी तक्रार नव्हती. पण रीतीच्या आडून रोज एक दगड यायचा आणि कुत्र्याला मारल्यासारखा दाखवून मला लागायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मला हा माणूस आवडला नाही. त्यांनाही मी आवडले नाही, आणि निदान ह्या बाबतीत दोघांनीही कधी सोंग केलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती. सासूबाई वारल्या, शेत वाट्यानं दिलं आणि सासरे सोलापुरात आमच्याकडे राहायला आले. आम्ही नवराबायको दोघंही डॉक्टर. ह्यांचा दवाखाना बाळी वेशीजवळ, चांगला चाललेला. त्या दवाखान्यात माझी जागा पडद्यामागे. बायकांना इंजेक्शन द्यायचं, पुड्या बांधायच्या, कंपाउंडर आला नाही की औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवायच्या. माझी डिग्रीही भिंतीवर होती, पण कॅलेंडरच्या मागे. नवं वर्ष लागलं की जुनं कॅलेंडर काढताना तिचं दर्शन व्हायचं.

अक्कलकोट रोडवरच्या कुंभारी गावात मात्र मी डॉक्टर होते. दर सोमवारी तिथं एका घराच्या पडवीत टेबल मांडून बसायची. बायका यायच्या, निम्म्या मराठी आणि निम्म्या कानडी बोलत, आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं दुखणं मला सांगायच्या. तिथं कुणी ‘मोठे डॉक्टर कधी येणार’ असं विचारत नसे. आठवड्यातला तो एक दिवस माझा होता, आणि त्या दिवसाचा सगळा भार एका जुन्या गाडीवर होता.

गाडी ह्यांनी हौसेनं घेतली होती. पण पहिल्याच महिन्यात एका टांग्याला घासली आणि हे परत स्कूटरवर गेले. मी माहेरी भावाच्या जीपवर शिकले होते, म्हणून चावी माझ्याकडे आली. यष्टीनं जाईन म्हटलं असतं तर ह्यांचं उत्तर तयार होतं: डॉक्टरची बायको दांडीला लोंबकळत गेली तर पेशंट काय म्हणतील? म्हणजे गाडी असेल तर कुंभारी. गाडी नाही तर पडदा आणि पुड्या.

सासऱ्यांना माझं गाडी चालवणं डोळ्यांत खुपत होतं. मी गाडी काढायला लागले की ते ओसरीवर येऊन उभे राहत आणि कुत्र्याला म्हणत, “कासरा बाईच्या हातात दिला की बैल बी हसत्यात, बघ.”

आणि त्या हिवाळ्यात गाडी ओढायला लागली.

आधी थोडीशीच. कुंभारीच्या अलीकडे शाळूच्या पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे सरकली. मला वाटलं रस्ता उतरता असेल. पुढच्या सोमवारी परत तेच. मग सोमवारागणिक ते वाढत गेलं. शेवटी ब्रेक म्हटलं की माझे हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचे, आणि घरी येईस्तोवर खांदे भरून यायचे. एकदा अक्कलकोट रोडला गाडी रस्ता सोडून बाभळीच्या काट्यांत गेली. मला काही झालं नाही, दिवा तेवढा फुटला. पण बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

सासरे नळाला म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं. आता म्हनंल, गाडीच वढती.”

“गाडीच ओढते,” मी म्हटलं.

“ऐकलंस का?” ते नळाला म्हणाले.

हे मधे पडले नाहीत. हे कधीच मधे पडत नसत; दोघांच्या मधून चहाचा कप घेऊन अलगद निघून जाण्यात ह्यांचा हातखंडा होता. पण त्या दिवशी सासऱ्यांनी कुत्रा, नळ सगळं सोडून थेट लेकाला सांगितलं, “गाडी नातेपुत्याच्या पुतण्याला दिऊन टाक. दुकानाच्या मालाला त्याला पायजेच हाय. हितं बाई मरायची एखांद्या दिवशी, न्हाय तर कुनाला तरी मारायची.”

“तसं खरं आहे, आबा,” हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं, एकदा मेकॅनिकला दाखवू. तो म्हणाला गाडीत दोष आहे, तर बघू. नाही तर मग...”

“नाही तर मग काय?”

“दवाखान्यात पण तुझी मदत लागतेच की.”

मदत. त्या शब्दाचा मला इतका संताप आला की हातातली बशी मी खाली ठेवली नाही, आपटली. फुटली नाही, हे दुर्दैव.

सात रस्त्याजवळचा तो मेकॅनिक म्हणजे गुर्मीचा गोळा होता. दोष मी सांगत होते आणि तो उत्तरं ह्यांना देत होता. त्यानं चाकांत हवा भरली, दोरी धरून चाकं एका रेषेत आहेत का ते बघितलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “साहेब, किरकोळ आहे. बाईंच्या हाताला अजून सवय नाही. लेडीज लोक ब्रेक मारताना घाबरतात, अन् घाबरलं की हात एका बाजूला जातो.”

ह्यांनी मान हलवली. मला त्या दोघांनाही त्याच्या टायरच्या ढिगात गाडावंसं वाटलं.

पण राग आला की माझं डोकं चालतं. सासरी एवढा एक फायदा झाला. मी ठरवलं की पेशंट तपासतात तशी ही गाडी तपासायची. पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकून घ्यायचं, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

मेकॅनिककडूनच मी पुढची दोन चाकं अदलाबदल करून घेतली. तो हसला, पण त्यानं केलं. दोष टायरचा असता तर गाडी आता उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच गेली. म्हणजे टायर निर्दोष सुटलं. मग होटगी रोडच्या पुढे, रस्ता मोकळा बघून, मी दोन्ही हात सोडून गाडी नुसती धावू दिली. ती सरळ गेली. पुन्हा हात सोडले आणि ब्रेक दाबला, तशी ती डावीकडे वळली. तेव्हा हात माझे मांडीवर होते. बाईचा हात मांडीवर असताना गाडी कशी ओढतो, हे त्या मेकॅनिकनं मला समजावून द्यावं. पण साक्षीला कुणी नव्हतं, आणि माझा शब्द आमच्या घरात साक्ष म्हणून चालत नसे.

तिथंच खाली उतरून मी चाकांना हात लावून बघितला. डावं पुढचं चाक मधोमध चटका बसेल इतकं तापलेलं, उजवं थंडगार. मेकॅनिकला हे सांगितलं तर तो एकदम जागा झाला. “मग डावा ब्रेक धरतोय. डावा सैल करतो.” त्यानं डावा सैल केला. गाडी थोडी कमी ओढायला लागली, पण आता ती थांबेनाच. एका म्हशीच्या दोन हात अलीकडे कशीबशी उभी राहिली. सासरे नळाला म्हणाले की आता जनावरंही सुरक्षित नाहीत.

उत्तर सापडलं ते कुंभारीच्या पडवीत. एका म्हातारीचं तोंड वाकडं झालं म्हणून लेक तिला घेऊन आला होता. तोंड डावीकडे ओढलेलं. घरच्यांनी डाव्या गालाला आठवडाभर शेक दिला होता, लेप लावला होता, गाल भाजून काढला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जी बाजू ओढलेली दिसते, तीच बिघडलेली असं कुणालाही वाटतं. खरं उलटं असतं. डावी बाजू धडधाकट असते, म्हणून ती ओढते. लुळी पडलेली असते ती उजवी. तिच्यात जोरच नसतो, म्हणून ती ओढली जाते. हे मी त्या लेकाला समजावून सांगत होते आणि सांगता सांगता मधेच थांबले. तो घाबरला, त्याला वाटलं आईचं काही खरं नाही.

आम्ही डाव्या चाकाचा ब्रेक सैल करत बसलो होतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. डावा ब्रेक आपलं काम करत होता, म्हणून तापत होता. उजवा कामच करत नव्हता.

शनिवारी मी मेकॅनिकपुढे जाऊन उभी राहिले आणि उजवं चाक उघडायला सांगितलं. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, गाडी माझी आहे. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. मी त्याच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, विचार, तोवर मी इथेच बसते. एक बाई गॅरेजात स्टूल अडवून बसलीय, हे बघायला रस्त्यावरचे चारजण थांबले, तेव्हा त्यानं जॅक लावला.

चाकामागचा ब्रेकचा ड्रम निघाला आणि आतून काळं, चिकट काहीतरी ओघळलं. ब्रेकचे लायनर त्यात बुडून बुळबुळीत झाले होते. “ग्रीस लीक झालं,” मेकॅनिक म्हणाला. मी बोटावर घेतलं. ग्रीस नव्हतं. त्यात राख लागत होती, बारीक, गव्हाच्या काडाची. आणि वास एरंडेलाचा. पोटं साफ करायला मी आयुष्यभर एरंडेल दिलंय, त्या वासात माझी चूक होणं शक्य नाही. एरंडेलात जाळलेल्या काडाची राख कालवून बैलगाडीच्या आखाला घालायचं वंगण करतात. आणि ते करणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

ड्रमला बाहेरून एक भोक असतं. ब्रेक कमीजास्त करायला त्यातून स्क्रू-ड्रायव्हर घालतात. चाकावरची चकचकीत टोपी काढली की ते दिसतं. कुणाला वाटावं, तेल घालायलाच ठेवलंय.

एका वाटीत ते काळं घेऊन मी घरी आले. सासरे अंगणात दोर वळत बसले होते. वाटी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“हे तुम्ही घातलंत?”

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग भिंतीला म्हणाले, “मंग? कोन घालनार?”

“कधीपासून?”

“थंडी पडल्यापासनं दर सोमवारी. ती निघायच्या आधी.” ती म्हणजे मी. “आमच्यात कोरडा आख रस्त्याला लावत न्हाईत. घरची बाई एकली भाईर जाती, वंगण न घालता कशी जाऊ द्यायची? वाटंत चाक धरलं तर कोन हाय तितं?”

“आणि फक्त उजव्याच चाकाला?”

“डावं भित्तीला लागून असतंय. हात कुटं जातो?”

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. बरं वाटलं नाही. डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. मला भयंकर राग आला, आणि आधीपेक्षा जास्त आला. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर मी त्यांना उभं-आडवं घेतलं असतं. पण हा माणूस सोमवारी सकाळी माझ्यासाठी चाकाशी उकिडवा बसायचा, मग ओसरीवर येऊन कुत्र्यापाशी माझी अब्रू काढायचा. आणि त्याच वंगणानं मी बाभळीत गेले, तेव्हा दोष माझ्या हाताला. अशा माणसाशी नीट भांडताही येत नाही. मी एवढंच म्हटलं, “तुमच्या वंगणानं ब्रेक गेला. हात माझा नव्हता.”

“ते गाडी चालल तवा बघू,” ते भिंतीला म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मेकॅनिकनं ड्रम पेट्रोलनं धुतला, नवे लायनर बसवले, डावा ब्रेक पुन्हा होता तसा केला. गाडी स्वतः घरी आणून लावली. बिल मात्र साहेबांच्या नावानं केलं.

आणि रविवारी सकाळी नातेपुत्याहून सासऱ्यांचा पुतण्या हजर झाला. डोळ्यांना काळा गॉगल, हातात नारळ. नवी गाडी नेताना पुढे फोडायचा म्हणून वाटेतच घेतला होता. मेकॅनिकनं दोष माझ्या हाताचा ठरवला तेव्हाच ह्यांनी त्याला ‘येऊन गाडी ने’ असं कळवलं होतं; दोष सापडल्याचं मात्र कुणी कळवलंच नव्हतं. हे त्याच्यासमोर चुळबुळ करत म्हणाले, “दुरुस्ती झालीय खरी. पण आता शब्द दिलाय. आबांनी एकदा बसून बघावं, ते म्हणतील तसं.”

म्हणजे माझ्या कुंभारीचा निकाल आता सासऱ्यांच्या हाती होता. मी चावी घेतली.

ते मागचं दार उघडायला लागले. मी म्हटलं, “पुढे बसा. मागून हात कसे दिसणार?” ते क्षणभर दाराशी अडले आणि मग सुनेच्या शेजारी पुढे बसले. धोतर आवरून, दाराला चिकटून, मधे आणखी एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.

अक्कलकोट रोडला लागलो. रस्ता मोकळा झाल्यावर मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. आणि गाडी गेली उजवीकडे.

इतक्या महिन्यांची सवय. ब्रेक म्हटलं की माझे हात उजवीकडे दाबायचे, तसेच ते आजही वळले, आणि आज उलट डावीकडे ओढायला काही नव्हतं. काय झालं ते मला तत्क्षणी कळलं. शेजारी बसलेल्यालाही कळलं असावं.

“वढली की,” ते काचेला म्हणाले. आवाजात आनंद होता. “हातच हाय.”

गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि दोन्ही हात उचलून कानांपाशी धरले.

“ए!” ते म्हणाले.

मी समोर बघत राहिले. कडेची निंबाची झाडं भराभर मागे जात होती.

“हात धर! आगं, हात धर की! मरतीस का काय? सूनबाई, हात धर!”

काचेला नाही. मला. माझ्याकडे तोंड करून, डोळे वटारून, एक हात माझ्या दंडापर्यंत आणून पण न लावता. घरात आल्यापासून त्यांचे माझ्याशी झालेले हे पहिले शब्द. मी ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर गेली आणि नाकासमोर उभी राहिली. मागची धूळ येऊन आमच्यावरून पुढे गेली. माझे हात अजून वरच होते.

सासऱ्यांनी मान बाहेर काढून मागचा-पुढचा रस्ता बघितला. मग काचेला म्हणाले, “परत कर.”

मी परत केलं. ह्या वेळी ते रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. गाडी सरळ थांबली.

“व्हय,” ते म्हणाले.

दारात हे आणि पुतण्या उभे. पुतण्यानं गॉगल कपाळावर चढवला. “काय आबा, कशी हाय? न्यायची न्हवं?”

मी चावी मुठीत आवळून धरली होती. सासरे सावकाश उतरले, धोतर झटकलं, पुतण्याच्या हातातला नारळ घेतला, आणि माझ्या बाजूच्या, त्या उजव्या चाकापुढच्या दगडावर हाणला. पाणी चाकावर उडालं.

“गाडी हितंच ऱ्हाईल,” ते म्हणाले. “गाडीत काय न्हवतं. म्याच तेल घातलं हुतं.”

पुतण्या हसला. मग त्यांचं तोंड बघून हसायचा थांबला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. सासऱ्यांनी खोबऱ्याचे तुकडे केले. एक पुतण्याला दिला, एक लेकाला. माझा बॉनेटवर ठेवला आणि खाली वाट बघत बसलेल्या कुत्र्याला म्हणाले, “हात मातर हिचे वाईटच हायत. सोडून देती मधीच.”

मी तुकडा उचलला आणि तिथंच, गाडीला टेकून, सगळ्यांसमोर खाल्ला. राग गेला नव्हता. भूक लागली होती.